जळकं ऑइल

बाबांच्या जुन्या स्कूटरचा रंग आज अंगणात खरवडायला घेतला. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली कंपनीचा करडा. आमची खारी हवा पत्रा खाते, म्हणून पाय ठेवायच्या जागेशी हात कचरत होता. स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहिलं, तर पत्रा खणखणीत वाजला. हायसं वाटलं.

दर पावसाळ्याआधी बाबा गाडी आडवी करून खालून इंजिनातलं जळकं ऑइल फासायचे. फरशीवर डाग पडायचे, आई दिवसभर बोलायची. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांची काळजी पत्र्याला चिकटून आहे.

गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात वाळल्यावर मीही गाडी आडवी केली आणि खाली पोतं अंथरू लागलो. आई दारातून म्हणाली, "राहू दे ते पोतं. पडू देत डाग."