हा जैन, हा बरा

देवाशपथ सांगतो, या किश्शातला शब्द न् शब्द खरा आहे. माझी बायको फिलोमिना साक्षीदार आहे. म्हणजे, ती म्हणते यातलं अर्धं मी रचलेलं आहे. पण कुठलं अर्धं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तेव्हा सध्या सगळंच खरं धरून चला आणि चहा घ्या.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही वसईचे, पण राहायला बहारीनमध्ये, सनाबिसला. एअर कंडिशनर बसवणाऱ्या एका कंपनीत मी क्लार्क. मालकाचं नाव अबू फहद. रिफाला भलामोठा व्हिला, दारात गाड्या, आणि माणूस एवढा हसरा की त्याच्याकडे रजा मागायला जावं आणि विनोद ऐकून परत यावं. रजा राहूनच जायची. फक्त त्याला 'प' म्हणता येत नसे. अरबीत 'प' नाहीच. त्यामुळे पार्किंगचं बार्किंग व्हायचं आणि पास्कलचा, म्हणजे माझा, बास्कल.

एके दिवशी ऑफिसात चहा पिताना तो मला म्हणाला, "बास्कल, इतकी वर्षं झाली तुला इथे. तुझं अरबी अजून 'यल्ला' आणि 'खलास'च्या मध्येच फिरतंय!"

आता यावर गप्प बसायचं की नाही? पण मला कुठलं जमतंय! म्हटलं, "माझं सोडा हो, बॉस. माझी बायको ऐका! अरबी असं बोलते, असं बोलते, की शेजारणींना वाटतं ही इथलीच, मुहर्रक गावची!"

तुम्ही विचाराल, ही थाप कशासाठी? कशासाठीच नाही. काही लोकांना उन्हात घाम सुटतो, मला थापा सुटतात. फिलूचं खरं अरबी सांगू? दारात कुणी आलं की 'अहलन', आणि गेलं की सुटकेचा निःश्वास. बाजारात ती भाजीवाल्याशी चक्क मराठीत घासाघीस करायची. तो बिचारा घाबरून भाव कमी करायचा.

महिना-दोन महिने गेले. मी थाप विसरलो. अबू फहद विसरला नाही!

कंपनीला एक मोठं काम मिळालं आणि साहेब खूश झाले. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बास्कल, मी फॅमिलीला घेऊन मॉरिशसला चाललोय. तू आणि मॅडमही चला. माझ्यातर्फे. एजंटने दोन रिसॉर्ट सांगितलेत, दोन्ही समुद्रावर, दोन्ही फर्स्ट क्लास. माझी बायको म्हणते, बास्कलची मॅडम समुद्राकाठची आहे, तिला विचारा, ती म्हणेल तो घ्या. मी उद्या संध्याकाळी तुझ्या घरी येतो. मला तिचं अरबीपण ऐकायचंय!"

माझ्या हातातला कागद गळून पडला. पंख्याने तो उडवलाही. (एसीच्या ऑफिसात पंखा कुठून आला, असं विचारू नका.)

घरी येऊन फिलूला सांगितलं. ती आधी नाचली, मग रागावली, मग ओट्याकडे बघत बसली. तिचं ते बघणं मला कळलं. लग्न झाल्यापासून आमची प्रत्येक रजा म्हणजे वसई. आणि वसई म्हणजे सासरचं स्वयंपाकघर. आम्ही येणार म्हणून घरचे टोपलीभर मासे आणणार, ते ही साफ करणार, ही तळणार, सगळ्यांना वाढणार, आणि शेवटी तव्यावर राहिलेली शेपटी स्वतःच्या ताटात घेणार. तीही गार.

"मला काय नको," ती म्हणाली. "समुद्र बघितलाय मी. नारळ बघितलेत. मला फक्त एकदा, कुणीतरी दुसऱ्याने साफ केलेला, दुसऱ्याने तळलेला मासा बसल्या जागी गरम गरम खायचाय. आणि मधली तुकडी. बस!"

"घे वचन!" मी म्हटलं. "मधली तुकडी!"

"आणि त्या अरबीचं काय?"

"तो आला की 'अहलन' म्हण आणि हस."

"आणि त्याने काही विचारलं तर?"

"तर चहा करायला आत जा."

"वा! थापा तुम्ही मारायच्या आणि चहा मी करायचा!"

दुसऱ्या दिवशी अबू फहद आला. पांढराशुभ्र पायघोळ थोब, अत्तराचा घमघमाट, हातात खजुराचा डबा आणि दोन गुळगुळीत माहितीपत्रकं. एक निळं, एक हिरवं. फिलू म्हणाली, "अहलन!" तो म्हणाला, "माशाल्ला!" आणि पुढे भराभर काहीतरी अरबी बोलला. फिलू हसली आणि चहा करायला आत गेली. आतापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

चहा आला. पत्रकं टीपॉयवर उघडली. आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशार गोष्ट केली. फिलूच्या कानात म्हटलं, "बिनधास्त मराठीत बोल. याला एक अक्षर कळत नाही."

खरं सांगू? दोन रिसॉर्टांत मला काही फरकच दिसेना. दोन्हीकडे तोच समुद्र, तीच वाळू, तीच टोपी घातलेली गोरी बाई खुर्चीत आडवी. पण हिरव्यात न्हाणीघराचा फोटो होता. त्यात संगमरवरी टब, टबात गुलाबाच्या पाकळ्या. आमच्या सनाबिसच्या बाथरूममध्ये बादली ठेवली की माणसाला बाहेर उभं राहावं लागायचं. मी विरघळलो.

"फिलू, हिरवा घेऊ. टब बघ!"

फिलूने चष्मा लावला आणि हिरव्या पत्रकाच्या मागची बारीक अक्षरं वाचली. गुजरातहून येणाऱ्या मोठ्या टूर तिथे उतरायच्या, त्यांच्यासाठी खास सोय होती. ती ताडकन म्हणाली, "नाही हो, हा जैन!"

"कोण जैन?"

"हा! हा जैन!" हिरव्यावर बोट आपटून ती म्हणाली. "मासा नाही, मटण नाही, अंडं नाही. कांदासुद्धा नाही!" मग निळ्यावर बोट. "हा बरा. हा बघा, समुद्रावर मासे भाजून देतात. हा बरा!"

"अगं, पण टब..."

"टब काय चावून खाणार? हा जैन, हा बरा. संपलं!"

अबू फहद कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत असा आनंद, जणू घरचं लेकरू पहिल्यांदा बोललं!

मी हार मानली. वचन दिलं होतं ना? निकाल जाहीर करावा म्हणून मीच मोठ्याने, एकेका पत्रकावर बोट ठेवून म्हटलं, "ठीक आहे बाई. हा जैन. हा बरा."

मग साहेबांना इंग्रजीत सांगावं म्हणून तोंड उघडतोय, तोच त्यांनी हात वर केला. "खलास, बास्कल! नो ट्रान्सलेशन! मॅडम बोलली, मला सगळं समजलं!" फिलूकडे वळून छातीवर हात ठेवला आणि तो उठलासुद्धा. बुकिंग, तिकिटं, सगळं मी बघतो म्हणाला.

दार लावून आम्ही एकमेकांकडे बघितलं. फिलू म्हणाली, "अहो, त्याला समजलं कसं?"

मी म्हटलं, "बोटं दाखवत होतीस ना! धंद्यातला माणूस आहे. इशारा पुरतो."

आणि मला कौतुक कशाचं वाटत होतं, सांगू? थाप पचली याचं!

मॉरिशसला पोचलो. मी, फिलू, अबू फहद, त्याची बायको उम्म फहद आणि त्यांची चार मुलं. गाडी उसाच्या शेतांतून वळणं घेत समुद्रावर आली, फाटकापाशी थांबली. फाटकावर पाटी. हिरवी.

फिलूने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मला वाटलं, विंचवाने दंश केला. खरोखरचा विंचू बरा, तो एकदाच चावतो.

"कदाचित रंग बदलला असेल निळ्याने," मी म्हटलं.

दुपारच्या जेवणाला मोठं टेबल. मुलं उपाशी, अबू फहद उपाशी, उम्म फहदने आल्या आल्या बाही सावरलेली. बहारीनचा माणूस समुद्रावर बसला की ताटात मासा येणार हे गृहीतच धरतो. झाकणं उघडली. पहिल्या भांड्यात भोपळा. दुसऱ्यात दुधी. तिसऱ्यात, जैनांना बटाटा चालत नाही म्हणून, कच्च्या केळ्याची भाजी. जेवणात खोट काढायला जागा नव्हती; अगदी चवदार, तूप सोडलेलं. पण केळी! अहो, माझ्या बापाची वसईला केळीची वाडी आहे! मी समुद्र ओलांडून, विमानं बदलून, वडिलांचाच माल खायला आलो होतो!

अबू फहदने वेटरला विचारलं, "फिश?"

"नो फिश, सर."

"चिकन?"

"नो चिकन, सर. प्युअर जैन, सर."

"येस, येस, झेन. व्हेरी झेन. बट व्हेअर इज फिश?"

आणि तिथे, त्या दुधीच्या वाफेत, माझ्या डोक्यात उजेड पडला. अरबीत 'झेन' म्हणजे छान! आणि 'बर्रा'? बर्रा म्हणजे बाहेर, चालता हो! बहारीनमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मलाही ठाऊक. पण घरात बायकोशी मराठी बोलताना कानावर अरबी पहारा कोण बसवतो? त्यात आमच्या फिलूचा 'ज' मुळातच 'झ'कडे झुकलेला आणि रागात तिचा 'र' डबल होतो. हा झैन! हा बर्रा! आणि वर माझं शिक्कामोर्तब!

अबू फहद फिलूकडे वळला. आवाज मऊ, पण चेहरा गोंधळलेला. "मॅडम, यू सेड झेन."

"हो, म्हटलं!" फिलू घाबरून मराठीतच सुटली. "जैनच म्हटलं! वाचून म्हटलं! म्हणून तर नको म्हटलं!"

उम्म फहदने तिला अरबीत काहीतरी विचारलं. फिलू हसली. चहा करायला आत जायची सोय तिथे नव्हती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत, शांतपणे सांगितलं, "आय डोन्ट नो अरेबिक. ही नोज व्हाय."

मग मी सगळं सांगितलं. जैन म्हणजे काय, बरा म्हणजे काय, आणि मुहर्रकची ती थाप म्हणजे काय. सांगताना भोपळ्याकडे बघत होतो, कारण त्या टेबलावर तेवढाच माझ्याकडे रागाने बघत नव्हता.

अबू फहद उठला. बोट वर करून म्हणाला, "बास्कल. बर्रा!"

झालं! नोकरी गेली, व्हिसा गेला, सनाबिसचा फ्लॅट गेला. मी खुर्ची मागे सारली. फिलूही उठली. तिचा चेहरा असा, की त्या क्षणी मला नोकरीपेक्षा त्या मधल्या तुकडीचं जास्त वाईट वाटलं.

तोच साहेबांनी उरलेल्या टेबलाकडे बघून दोन्ही हात उडवले. "एव्हरीबडी! बर्रा! यल्ला!" सगळेच बाहेर, चला! आणि असे हसत सुटले, की वेटरने पाणी आणून दिलं.

आम्ही सगळे फाटकाबाहेर पडलो आणि वाळूतून चालत कोळ्यांच्या होड्यांपाशी गेलो. नुकता काढलेला मासा, आमच्या सुरमईची चुलत बहीण शोभेल असा. शेजारच्या टपरीवाल्याने चूल आणि तवा दिला. फिलू तिथल्या उलट्या होडीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "मी हात लावणार नाही हां, आधीच सांगते."

"लावूच नकोस!" मी म्हटलं. बाह्या वर केल्या, मासा साफ केला, हळद-मीठ-लिंबू चोळलं आणि खरपूस तळून, वाफाळती मधली तुकडी सर्वांत आधी फिलूच्या पुढ्यात ठेवली. तिने ती बोटं चाटत संपवली. दुसरी मागितली, तेव्हा हसली. उम्म फहद तिच्या शेजारी बसून तिला एकेक अरबी शब्द शिकवत होती आणि फिलू प्रत्येकाला "बरं" म्हणत होती.

आता फिलू हे वाचायला माझ्या खांद्यावरून डोकावतेय, म्हणून एक कबुली देऊन टाकतो. मासे मी तळले, हा भाग तेवढा बनवलेला आहे. साफ केले अबू फहदने, तळले त्याच्या बायकोने. मासे माझ्याकडे नव्हतेच, माझ्याकडे माश्या होत्या. टपरीवाल्याचं जुनं वर्तमानपत्र घेऊन मी त्या हाकलत उभा होतो. आणि फिलू म्हणते, त्याही नीट हाकलल्या नाहीत.