मास्टरचा रोजचा खून

सुरतेत लिंबायतच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात हिलाल नावाचा कारागीर आपल्या सुकलाल मास्टरचा रोज खून करायचा. जेवणाच्या सुट्टीआधी एकदा, आणि मास्टरने फारच पिडलं तर सुट्टीनंतर पुन्हा एकदा. मास्टर बिचारा मेल्यावरही तंबाखू मळत, कापडावरून हात फिरवत पुढच्या लूमकडे निघून जायचा.

हिलाल मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेत येऊन सहाएक वर्षं झालेली, पण स्वभाव असा की मुकी बिचारी कुणीही हाका. चहावाल्याने साखरेऐवजी मीठ घातलं असतं तरी हा ‘छान झालाय’ म्हणून कप परत देणार. एकदा कारखान्यातून कुणी त्याची चप्पल घालून गेलं, तर विचारायला लाज वाटते म्हणून गडी आठवडाभर अनवाणी हिंडला. खोलीत आणखी चारजण राहायचे, पण त्यांचं हसणंखिदळणं सुरू झालं की हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. सगळ्यांना वाटे, पोरगा गरीब आहे. गरीब कसला, आत नुसता रटरटत होता! मास्टरने कापडावरून झापलं, खोलीतल्यांनी त्याच्या वाटची भाजी संपवली, रिक्षावाला अंगावर खेकसला, की प्रत्येक वेळी तो ‘बरं’ म्हणायचा आणि ते सगळं पोटात साठवून ठेवायचा.

सत्त्याण्णव साली सुट्टीच्या एका दुपारी तो एकटाच टॉकीजला जाऊन बसला. पिक्चर मारधाडीचा होता. मोठ्या शहरात एक एकटा पोरगा, त्याच्याशी कुणी धड बोलत नाही, ऑफिसातला साहेब चारचौघांत पाणउतारा करतो, घरमालक जिन्यात अडवतो. पोरगा सगळं गिळतो. इंटरव्हलच्या जरा आधी त्याच्या डोक्यातली तार तुटते, आणि मग जो सुरा निघतो तो शेवटच्या रिळापर्यंत म्यानात जात नाही. साहेब गेला, घरमालक गेला, मधे आलेले दोघं-तिघं उगाचच गेले. हिलालच्या हातातली शेंगदाण्याची पुडी तशीच राहिली. ‘हा तर मीच!’ तो स्वतःशी म्हणाला. आता पडद्यावरचा पोरगा सहा फुटी, त्याच्या मागे व्हायोलिनचा ताफा, आणि आमच्या हिलालच्या भुवयांत कायम कापसाची पांढरी लव. पण एवढ्यातेवढ्या फरकाकडे प्रेमात आणि रागात कोण बघतं?

पुढच्या सुट्टीला तो पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याही. भांग उलट्या बाजूला पाडला आणि भुवयांखालून रोखून बघायची सवय केली. खोलीतला पांडुरंग त्याच कारखान्यात कामाला होता; त्याने याचे डोळे नीट तपासले आणि गुलाबपाणी आणून दिलं. सुरतेत त्या दिवसांत डोळ्यांची साथच होती.

खून करायचा तर हत्यार पाहिजे. खोलीत एकच सुरी, तिने टमाटा कापायचा तर आधी चेचावा लागे. शिवाय गावाकडे आई होती, आणि मुख्य म्हणजे हिलालला रक्त बघून चक्कर यायची. अशा माणसाने काय करावं? त्याने लूमवर वाट काढली.

ज्याने लूमचा कारखाना पाहिला नाही त्याला सांगायला हवं, की तिथे शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू येत नाही. खडाक-खडाक-खडाक, आणि तेही पन्नास लूमचं एकदम. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा, बोट हवेत गोल फिरवलं की धाग्याची बॉबिन संपली, मिशीवरून हात फिरवला की मास्टर येतोय. दोन-चार वर्षांत हे इतकं अंगात मुरतं, की माणसं किराणा दुकानात उभी राहूनही हातवारे करतात. आणि नाकातोंडात कापसाची लव जाऊ नये म्हणून बहुतेकजण तोंडावर रुमाल बांधतात.

एक दिवस मास्टर झापत असताना हिलालने रुमालाआड हळूच एक शिवी घातली. काही झालं नाही. मग जरा मोठ्याने. तरी काही नाही. मग घसा फाडून! मास्टर शांतपणे कापडाची किनार बघत होता. हिलालला स्वर्ग दोन बोटं उरला. त्या दिवसापासून तो रुमालाआड मास्टरला तोंडावर सुनवायला लागला, आणि सुनवता सुनवता खून पाडायला लागला. आज सुऱ्याने, उद्या धागा गुंडाळलेल्या अवजड बीमखाली चेपून, परवा ताण्याच्या धाग्यांनी बांधून तापीच्या पुलावरून खाली. सगळं सविस्तर, पिक्चरमधल्यासारखं. संध्याकाळी तो हलक्या अंगाने घरी जायचा आणि त्याला छान भूक लागायची.

अशात गावाहून आईचा निरोप आला. तिथे सुरतेतच बमरोलीला धुडकू आबा म्हणून आपल्याकडचेच गृहस्थ आहेत, जन्म लूमवर गेला, त्यांची मुलगी नूतन लग्नाची आहे, ते तुला बघायला येतील.

हिलालचा जीव खालीवर झाला. कारण नूतनला त्याने पाहिलं होतं. बमरोलीतल्या एका लग्नात पंगतीत ती जिलबी वाढत होती, आणि याच्या पानाशी थांबून तिने विचारलं होतं, “आखो वाढू का?” एवढंच. पण सुरतेत आल्यापासून आणखी हवं का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला तोंड उघडेना, तेव्हा तिने आपणहून दोन जिलब्या वाढल्या आणि हसली. ते हसणं हिलालने जपून ठेवलं होतं. हे लग्न झालं नाही तर आपलं काही खरं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

धुडकू आबांची रीत मात्र न्यारी. “घरी आंघोळ करून बसलेलं कोणतंही पोरगं चांगलंच दिसतं,” ते म्हणत. “पोरगा लूमवर पाहावा आणि त्याच्या मास्टरला विचारावं.” म्हणजे हिलालचं लग्न सुकलाल मास्टरच्या जिभेवर आलं. ज्याचा रोज मुडदा पाडायचा, त्याच्याच!

आबा आले ते ऐन कामाच्या वेळी. पांढरं धोतर, टोपी, कानात केस. मास्टरने त्यांना हिलालच्या लूमपाशी आणून उभं केलं. हिलालने वाकून नमस्कार केला, छाती पुढे काढली, आणि नेमका त्याच क्षणी मास्टरने कापडावर बोट ठेवलं. धागा सुटला होता. चांगला वीतभर. मग मास्टरने सवयीने जी हजेरी घेतली ती हातांनी, मानेने, डोळ्यांनी. आंधळा आहेस का? लक्ष कुठे आहे? आबा शेजारी उभे राहून सगळं बघत होते.

हिलालच्या डोक्यातली तार तुटली. रुमालाआड त्याने तोंड सोडलं. आजवरचे सगळे खून त्याने एकत्र केले. सुरा, बीम, धागे, तापी, काही शिल्लक ठेवलं नाही. गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या.

आणि लाईट गेली.

पन्नास लूम धापा टाकत एकापाठोपाठ गप्प झाले. रागाच्या भरात असलेल्या माणसाला एवढ्या चटकन थांबता येत नाही. त्या शांततेत हिलालचा आवाज गावाकडच्या अहिराणीत कारखान्याच्या पत्र्यावर जाऊन आदळला.

“…आज तुले जित्ता सोडाव नही! आज तरी मनी इज्जत राखाले पाहिजे व्हती! मनं आठे कोन शे रे? कोन शे?”

मग त्यालाही ऐकू आलं.

हिलालने आबांकडे पाहिलं, मास्टरकडे पाहिलं आणि जमीन कुठे दुभंगते का तेही पाहिलं. नोकरी गेली, नूतन गेली, आता पुढची गाडी गावाची.

सुकलाल मास्टरने तंबाखूवर चुना घेतला. “मंग आम्ही कोन शेतस?” तो म्हणाला.

हिलालला काही समजेना. कुठूनतरी पांडुरंग खुसकन हसला, आणि मग अख्खा कारखाना हसायला लागला. पांडुरंगाने पुढे होऊन हवेत सुरा धरला, पोटात खुपसला, दोन्ही हातांनी बीम दाबला, धागे गुंडाळले आणि बोजा पुलावरून खाली लोटला. हिलाल ते हात बघत राहिला. हे हातवारे त्याचे स्वतःचे होते.

“अरे बाबा,” पांडुरंग म्हणाला, “तू तोंड झाकतोस, पण हातांचं काय? मांजर डोळे मिटून दूध पितं तसं झालंय तुझं. आम्ही तुझा सगळा पिक्चर बिनतिकिटाचा पाहिलाय. मला तापीतला खून आवडतो. तिकडच्या लायनीत बीमवाल्याला जास्त मागणी आहे.”

हिलालने तोंडावरचा रुमाल सोडला आणि खालीच बसला. “मास्टर, तुम्हाला… कधीपासून?”

“पहिल्या शिवीपासून.” मास्टर त्याच्याजवळ उकिडवा बसला. “आणि दर खुनाच्या शेवटी तू हात पसरून हेच विचारतोस, माझं इथं कोण आहे म्हणून.”

“मग मला हाकललं का नाही?”

मास्टर तंबाखू तोंडात टाकायची विसरला. “माझा धाकटा भाऊ याच लायनीत होता,” तो म्हणाला. “कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी झापलं तरी हसायचा. हात अगदी शांत. एक दिवस डबा इथेच ठेवून निघून गेला, तो अजून आलेला नाही. आई त्याची अजून वाट बघते.” त्याने हिलालच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझे हात चालू दिसले ना, की मला बरं वाटायचं. मुद्दाम चार शब्द जास्तच झापायचो तुला.”

सहा वर्षांचं साठलेलं पाणी हिलालच्या डोळ्यांतून त्या दिवशी वाहिलं, पन्नास जणांसमोर. कुणी हसलं नाही. पांडुरंगाने गुलाबपाण्याचाही विषय काढला नाही.

धुडकू आबा तेवढ्यात पुढे झाले. “मला कानांनी कमीच ऐकू येतं,” ते मोठ्याने म्हणाले, “पण लाईट जायच्या आधीच त्याचे हात मी वाचले होते. येतो मी. पोरीला विचारतो.” आणि टोपी नीट करून निघून गेले. हो नाही, नाही नाही.

पुढचं हिलालला लग्नानंतर नूतनकडूनच कळलं. आबांनी घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, खून धरून. तिच्या आईने डोक्याला हात लावला. नूतन भाकरी थापत होती. तिचं बालपण अशा बापाच्या घरात गेलं होतं, जो कारखान्यातून यायचा, जेवायचा आणि न बोलता झोपायचा. तिने एकच विचारलं.

“तो बोलस का?”

“बोलस,” आबा म्हणाले. “थांबतच नही.”

“मंग करा पक्कं,” नूतन म्हणाली, आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.