डाव्या अंगठ्याचा कागद

"अंगठा लाव इथं," सेक्रेटरी साहेब म्हणाले आणि शाईचं पॅड माझ्याकडे सरकवलं.

सोसायटीचं ऑफिस. नागपूरच्या मनीषनगरातली सात मजली इमारत, तळमजल्यावर काचेचं दार, आत एसी. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. समोर साहेब. बाजूच्या खुर्चीवर मॅडम, ज्यांच्या घरी मी नऊ वर्षं पोळ्या लाटल्या. मी उभी. एक खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून कोणी म्हटलं नाही.

सही येते का, हेही कोणी विचारलं नाही. मी दहावी पास आहे. भिवापूरच्या शाळेतून, पहिल्याच फटक्यात. मॅडमच्या घरची किराण्याची यादी नऊ वर्षं मीच लिहिली. त्यांना माझं अक्षर माहीत होतं. त्या मोबाइलमध्ये बघत बसल्या.

साहेबांनी कागद वाचून दाखवल्यासारखं केलं.

"भूकंप म्हणजे देवाची करणी. त्यात कोणाची चूक नसते. सोसायटी माणुसकी म्हणून तुझं दवाखान्याचं बिल देऊन राहिली. आता तुझी काही तक्रार नाही, असं लिहिलं आहे. लाव."

मी डावा अंगठा लावला. सही येते, एवढंही म्हटलं नाही. मॅडमने पर्समधून टिश्यू काढून दिला, तोही दोन बोटांनी. टेबलाला शाई लागू नये म्हणून.

साहेबांचा राग येतोच. पण त्याआधी मला माझा येतो. माझी आई भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यावर जायची. तिथे बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात. संध्याकाळी मजुरीच्या वहीत अंगठा. मिरचीने तिची बोटं इतकी जळलेली असायची की अंगठ्याचा ठसा नीट उमटायचा नाही, मग मुकादम चिडायचा आणि पुन्हा लावायला सांगायचा. आई म्हणायची, "माह्या पोरीले अंगठा लावाची पाळी नाही आली पाहिजे." तेवढ्यासाठी तिने मला शाळेत धाडलं. आणि मी एसीत उभी राहून अंगठा लावून आले.

भूकंप तरी केवढा? सकाळची वेळ होती. नागपुरात कोणाकोणाचे पंखे हलले म्हणे. लोकांनी दिवसभर मोबाइलवर त्याचे विनोद पाठवले. मॅडमच्या शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या जागच्या जागी होत्या. अख्ख्या इमारतीत कोणाला ओरखडा नाही. फक्त मला.

मी मागच्या जिन्यावर होते. आम्हा कामवाल्या बायांना लिफ्ट बंद. घामाचा वास येतो, असं कोणीतरी मीटिंगमध्ये म्हटलं होतं. त्या जिन्याचा विटांचा कठडा हलायचा. आम्हाला ठाऊक होतं. नवी बाई कामाला लागली की आम्ही तिला पहिल्याच दिवशी सांगायचो, "तिसऱ्याच्या वळणावर भितीकडून चाल वं." ही आमची आमच्यातली सोय. साहेबांना कधी सांगितलं नाही. त्यांना आपण काय सांगणार, असं वाटायचं. सगळ्याजणी भिंतीला खेटून चढायचो आणि स्वतःला शहाण्या समजायचो.

त्या दिवशी तिसऱ्याच्या वळणावर पायाखालचं हललं. घाबरलेला हात आधार शोधतो, तो कठड्यावरच गेला. कठडा गेला. मी त्याच्यासोबत खालच्या वळणावर पडले आणि विटा कोपरावर. हाडाचे तुकडे झाले. डॉक्टर म्हणाले, हात आता पूर्ण सरळ होणार नाही. पोळ्या लाटणाऱ्या बाईला हे सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मॅडमने चार दिवसांत दुसरी बाई ठेवली.

भूकंपात लागलं तर सरकार मदत देतं, असं कोणीतरी सांगितलं, म्हणून एका सरकारी कचेरीत गेले. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला टेबलामागचा माणूस हसला.

"येवढ्याशा भूकंपाले काय मदत भेटते बाई? त्यानं तं झाडाचं पानही नाही पडलं."

सोसायटीकडे गेलं तर भूकंप देवाएवढा मोठा. कचेरीत गेलं तर मोजायच्याही लायकीचा नाही. मधल्या मधे माझा हात. नवरा खापरखेड्याला ठेकेदाराकडे कामाला, त्याच्या एकट्याच्या जिवावर चूल. मी भांडं घासायला घेतलं तरी हातातून निसटायचं. मग मी उगाच घरच्यांवर ओरडायचे.

माझा डबा आणि कामाचे कपडे मॅडमकडे राहिले होते. ते आणायला महिन्याने गेले. मागच्या जिन्यावर तुटलेल्या जागी नुसती दोरी बांधलेली. हात प्लास्टरमध्ये, त्या जिन्याने कशी चढणार? म्हणून नऊ वर्षांत पहिल्यांदा मी समोरच्या दाराने आत गेले आणि लिफ्टपाशी उभी राहिले.

लिफ्टच्या बाजूला नोटिसांचा फळा होता. आम्ही तिथे कधी थांबलोच नव्हतो, तर वाचणार कधी? लिफ्ट वरून येईपर्यंत वाचलं.

एका कागदावर होतं: "मागील जिन्याचा कठडा कमकुवत झाला असून दुरुस्ती होईपर्यंत रहिवाशांनी, विशेषतः लहान मुलांनी, त्या जिन्याचा वापर करू नये." त्याच्या खालच्या कागदावर: "घरकाम करणाऱ्या महिलांनी लिफ्टचा वापर करू नये. मागील जिन्यानेच ये-जा करावी." दोन्ही कागदांवर एकच तारीख, भूकंपाच्या कितीतरी आधीची. सहीही एकच, साहेबांची.

मी परत वाचलं. मग परत. माझे कान तापले. म्हणजे आम्ही जे एकमेकींना कुजबुजून सांगत होतो, ते यांना टाइप करून माहीत होतं. आपल्या पोरांना तिकडून काढलं आणि आम्हाला तिकडे पाठवलं. एकाच दिवशी, एकाच पेनाने. देवाने जमीन हलवली असेल. जिन्यावर मला देवाने नव्हतं पाठवलं.

डाव्या हाताने मोबाइल काढून फोटो घेतले. पहिले दोन हलले, तिसरा नीट आला. लिफ्ट उघडली आणि आतून साहेबच बाहेर आले.

"समोरून कोणं येऊ देलं तुले? मागून जा."

"मागूनच गेली होती साहेब. म्हणून तं हात मोडला."

त्यांनी माझ्या हातातला मोबाइल पाहिला, मग फळ्याकडे पाहिलं.

"तुले वाचता येते?"

"येते. तुमी विचारलं नाही."

डबा न घेताच निघाले. दुसऱ्या दिवशी तिथे कामाला जाणाऱ्या एका बाईने सांगितलं, फळ्यावरचे दोन्ही कागद काढले म्हणून.

कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळतो, तिथे गेले. वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग फोटो बघितला. मोठा करून, नीट.

"भूकंप कोणी आणला नाही, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण कठडा पडू शकतो हे त्यांना माहीत होतं. तरी दुरुस्त केला नाही आणि तुम्हाला तिथूनच जायला लावलं. मग देवाची करणी म्हणून हात झटकता येत नाहीत. भरपाई मागता येते."

मला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"अडचण एकच आहे, तुमच्या अंगठ्याची," त्या म्हणाल्या. "तक्रार नाही, असं तुम्ही लिहून दिलं आहे. पण त्याला सोपा रस्ता आहे. तुम्ही अडाणी आहात, कागदात काय आहे ते कळलं नाही, असं अर्जात टाकते. असा कागद कोर्टात फारसा टिकत नाही."

आणि त्या टाइप करू लागल्या. "अर्जदार ही निरक्षर महिला असून..."

त्या चांगल्या मनाने करत होत्या. मला कळत होतं. गप्प बसले असते तर काम लवकर झालं असतं, घराला आधार मिळाला असता. पण जे कागद मी वाचले म्हणून केस उभी राहिली, त्याच केसमध्ये मला वाचता येत नाही असं लिहायचं? एकदा गप्प बसून अंगठा लावला होता. आता दुसऱ्यांदा गप्प बसायचं, तेही न्याय मागायला?

"मॅडम, ते खोडा. दहावी पास लिवा."

त्यांचे हात थांबले. "मग ते विचारतील, शिकलेल्या होत्या तर अंगठा कसा लावला? केस लांबेल. हरूही शकतो."

"विचारू द्या. उजवा हात त्याइच्याच कठड्यानं मोडला होता. आन मी भेली म्हणून बोलली नाही. हे बी लिवा."

त्यांनी ती ओळ खोडली आणि मी सांगितलं तसं टाइप केलं. खालची "भेली" त्यांनी "घाबरले" केली, एवढंच.

कागद निघाला. बाजूच्या कारकुनाने माझं प्लास्टर बघून शाईचं पॅड पुढे केलं. त्याचीही सवयच ती. मी ते बाजूला सरकवलं आणि पेन मागितला. डाव्या हाताने पूर्ण नाव लिहिलं. आधी माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. अक्षरं वाकडी आली. मागे रांग होती, कोणीतरी च्यक् केलं. मी घाई केली नाही.

आता तारखा लागतात. दोनदा सोसायटीचा वकील आला नाही, एकदा साहेब आजारी होते. हात सरळ झालेला नाही. मी मात्र दर तारखेला हजर असते, आणि डाव्या हाताने सही करते. जिंकले तर ठीक. हरले तर दहावी पास म्हणून हरेन.