मुक्तामावशीची मेणबत्ती

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात पारनेर तालुक्यातला रात्रीचा सगळ्यात मोठा उजेड मी पाडला. गावात अंधार नीट पाळला जातो की नाही हे बघायला नेमलेला माणूसही मीच होतो.

शुक्रवारी संध्याकाळी लढाई जुंपली आणि शनिवारी दुपारी पोलीस पाटील रंभाजीराव मी मास्तर होतो त्या शाळेत हजर झाले. नगरला रणगाड्यांचं ठाणं, आमचं बोरदरा पुणे-नगर रस्त्यापासून जेमतेम कोसभर आत; तेव्हा दिवस मावळल्यावर गावात एकही दिवा दिसता कामा नये, असा वरून निरोप होता. देखरेख कोणी करायची? गावात विजार घालणारा आणि शिट्टी बाळगणारा मी एकटाच. शिट्टी कवायतीची होती, पण रंभाजीरावांना तेवढी पात्रता पुरली.

पहिल्याच फेरीला निघताना मी कंदिलाला कागद गुंडाळला. काळा कागद गावात मिळेना, म्हणून जुन्या वर्तमानपत्राला शाई फासली होती. मुक्तामावशीच्या गोठ्यापाशी आलो आणि कागदानं पेट घेतला. अशा वेळी शहाणा माणूस कंदील खाली ठेवतो. मी फेकला. तो बरोबर तिच्या कडब्याच्या गंजीवर पडला.

गंज अशी पेटली की सुप्याहून दोघं जण सायकलवर विचारायला आले, बाँब तुमच्याकडंच पडला का म्हणून. तोवर मुक्तामावशीनं निम्मी गंज उपसून लांब फेकली होती आणि उरलेल्या निम्मीवर पाटीनं माती ओतत होती. मी शिट्टी वाजवत होतो. आग विझल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पाकिस्तानाला आमचा पत्ता सापडत न्हवता गुर्जी. बरं झालं, तुमी दावलात."

रविवारचा आख्खा दिवस मी घरोघर फिरून तिच्या म्हशीसाठी कडब्याच्या पेंढ्या मागितल्या आणि डोक्यावरून वाहिल्या. लोकांनी पेंढ्या मोठ्या मनानं दिल्या, कारण गुरुजींच्या डोक्यावर पेंढी बघायला मिळत होती.

मुक्ताबाई साळवे तेव्हा पन्नाशीला आलेली. काटक, सावळी, आवाज असा की शिवारात तिनं म्हशीला हाक मारली तर शाळेतली पोरं उठून उभी राहायची. सारं आयुष्य रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यात गेलेलं. छप्पन साली ती आणि तिचा नवरा सहादेव मिळेल त्या ट्रकनं दादरला पोचली, तेव्हा समुद्राच्या कडेला माणसांचाच समुद्र होता. बाबासाहेबांची चिता लांबून दिसली एवढंच. तिथून परत आल्यावर तिनं घरातले देव गोळा करून विहिरीत सोडले आणि सहा डिसेंबरला एक मेणबत्ती लावायला सुरुवात केली. आधी घरात, पुढं समाजमंदिरात. त्या समाजमंदिराच्या भिंती सहादेवनं रचलेल्या आणि त्यांचे दगड हिनं डोक्यावर आणलेले. सहादेव गेला त्या सालीही मेणबत्ती चुकली नव्हती. एकुलता एक मुलगा भीमा फौजेत ट्रकवर होता. दिवाळीची रजा संपवून जाताना सुप्याच्या स्टँडवर तो आईला म्हणाला होता, "आई, मी असो नसो, सहा तारखेची मेणबत्ती चुकवू नको." गाडी हललेली, त्यामुळं तिला उत्तर देता आलं नव्हतं. ते उत्तर तिच्या मनात अडकून राहिलं होतं.

आणि यंदा सहा तारीख लढाईच्या चौथ्या दिवशी आली.

सोमवारी दुपारी रंभाजीराव मला घेऊन तिच्या दारात गेले. एरवी ते तिला मुक्ते म्हणत. त्या दिवशी काम अवघड होतं म्हणून मुक्ताबाई म्हणाले. फौजदारसाहेब आज जीप घेऊन या भागात फिरणार आहेत, काल शेजारच्या गावात खिडकीत चिमणी जळताना दिसली म्हणून एकाला पारनेरला नेऊन बसवलाय, आणि आपल्या गावाचं नाव तर (इथं त्यांनी माझ्याकडं बघितलं) आधीच वर गेलंय. तेव्हा औंदा राहू दे.

"मारुतीच्या देवळात नंदादीप हाय न्हवं?" मुक्तामावशीनं विचारलं.

रंभाजीराव म्हणाले, देवळाला दार आहे. हे खरं होतं. समाजमंदिराला नुसती चौकट होती. दार मंजूर होऊन तीन वर्षं झाली होती आणि ते अजून मंजूरच होतं.

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मावशी, दिवसाच लावून टाका, उन्हात कोण हरकत घेतंय! तिनं माझ्याकडं बघितलं. बाया-माणसं दिवसभर कामावर, वस्ती गोळा होणार ती दिवस मावळल्यावर, हे मलाही ठाऊक होतं. मग रंभाजीरावांनी शेवटचं शस्त्र काढलं. वरून विमानवाल्याला उजेड दिसला तर, म्हणाले, त्याचं पाप कुणाच्या माथी?

मुक्तामावशी बोलली ती हळू. तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"माझा भीमा तिकडं अंधारात गाडी हाकतोय, पाटील. उजेडाचं भ्या मला तुमच्यापरीस जास्त हाय. पर मेनबत्ती लागंल. आन् ती आपली आपन विझंपत्तुर जळंल. फुकून विझवायची न्हाई."

रंभाजीराव जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, आता जबाबदारी तुमची. भीमा पुढं जानेवारीत धडधाकट घरी आला, लढाई सोळा तारखेला संपली, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या सोमवारी बोरदऱ्यात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मला तर एवढंच कळत होतं की रात्री उजेड दिसला तर या बाईला जीपमध्ये घालतील आणि तिला नेताना मी शिट्टी घेऊन शेजारी उभा असेन.

दिवस मावळायच्या सुमाराला वस्तीत गेलो तर मुक्तामावशी दारातला रांजण रिकामा करत होती. त्या साली पाणी सोपं नव्हतं. विहिरीनं तळ दाखवला होता. तिनं म्हशीला पाजलं, उरलेलं शेजारणींच्या घागरींत वाटलं आणि चौघीजणींनी मिळून तो रांजण समाजमंदिरात लोटत नेला. बाबासाहेबांची तसबीर भिंतीशी टेकवून ठेवली होती. रांजण तिच्यासमोर आडवा केला, तोंड तसबिरीकडं, आत मेणबत्ती. तो लवंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड लावले आणि रांजण, तसबीर असं दोन्ही झाकेल अशी घोंगडी वरून टाकली. उजेड पडला तर तो बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पडणार होता. बाकी जगाशी त्याचा संबंध नव्हता.

मी कौतुकानं आत शिरायला लागलो. "तुमी दारात थांबा," ती म्हणाली. "घोंगडीजवळ येऊ नका." माझी आणि पेटणाऱ्या वस्तूंची ओळख तिला पुरेशी झाली होती.

पौर्णिमा होऊन चार दिवस झालेले, चंद्र उशिरा उगवणार होता. अंधार पडला तो विहिरीत उतरल्यासारखा. पन्नासेक माणसं आत बसली होती आणि कुणाचं नाक कुणाला दिसत नव्हतं. काडी ओढल्याचा आवाज आला, घोंगडीखाली काहीतरी पिवळं हललं आणि मिटलं. मग कुजबुजत्या आवाजात त्रिसरण झालं. त्यानंतर एकेक जण रांगेनं पुढं जाई, गुडघ्यावर बसून घोंगडीची कड उचली आणि आत डोकं घालून नमस्कार करी. तेवढा एक क्षण एका कपाळाची कड उजळायची. पुन्हा काळोख.

मी बाहेर उभा राहून रस्त्याकडं बघत होतो. थंडी मी म्हणत होती. मेणबत्ती बोटभर जाडीची. आणखी किती वेळ जळणार याचा अंदाज येईना. कान जीपच्या आवाजाला लागलेले. लांबवर कुत्रं भुंकलं तरी मी ओढ्याकडं वळून बघायचो. हात स्वस्थ राहीनात, तेव्हा त्यांना काहीतरी काम दिलं.

जीप आली ती दिवे न लावताच. ओढ्यात उतरली तेव्हा कळलं. आतली रांग जागच्या जागी थिजली. मुक्तामावशीनं पुढं सरकून घोंगडीची कड गुडघ्याखाली दाबून धरली असावी, कारण होती नव्हती ती पिवळी रेघही गेली.

बूट वाजत जवळ आले. मागं रंभाजीरावांचं खाकरणं.

"उजेड कोणी केलाय इथं?" फौजदारसाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, कुठं साहेब? आवाज माझा नव्हताच.

"रस्त्यापासून दिसतोय."

झालं, असं मी मनात म्हटलं. कुठून दिसला असेल? छताच्या पत्र्याच्या फटीतून? आत कुणाचंतरी लेकरू कण्हलं आणि त्याच्या तोंडावर हात गेला. आता हा माणूस आत जाईल, घोंगडी उचलेल, आणि पंधरा वर्षांत विझवली नव्हती ती मेणबत्ती बुटाखाली विझेल. मी चौकटीत आडवा उभा राहिलो. शौर्यानं नव्हे; पाय हलत नव्हते.

साहेबांनी हात पुढं केला आणि माझ्या तोंडातली विडी काढून घेतली.

"मास्तर," ते म्हणाले, "आख्ख्या गावात एवढाच दिवा जळतोय."

विडी बुटाखाली गेली. रंभाजीरावांना खोकला आला, तो जरा जास्तच वेळ टिकला. साहेबांनी माझ्या खांद्यावरून आतल्या काळोखात पाहिलं. पन्नास माणसांचा श्वास ऐकू येत होता. ही माणसं इथं काय करताहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, आज सहा डिसेंबर.

मेणाचा वास मला येत होता. त्यांना येत नसेल असं कसं म्हणू?

"अंधारातच बसलेत?"

"अंधारातच, साहेब."

बूट परत गेले. जीप ओढा चढून गेली तरी कुणी हललं नाही. मग रांग पुन्हा सुरू झाली. शेवटी मुक्तामावशी एकटीच घोंगडीपाशी बसून राहिली. बऱ्याच वेळानं, वात मेणात बुडून आपली आपण विझली तेव्हा तिनं घोंगडी काढली, ओल्या डोळ्यांनी झटकली आणि घडी घातली. "भीमा, चुकली न्हाई रं," एवढंच ती म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा डोंगरामागून चंद्र वर येत होता. माझ्या अंगात आता चांगलंच बळ आलं होतं. म्हटलं, मावशी, वेळेला चौकटीत उभा राहिलो, साहेबांशी खोटं बोललो. आता तरी या गुरुजीवर भरवसा बसला की नाही?

मुक्तामावशीनं हात पुढं केला.

"आदी खिशातली काडेपेटी हिकडं द्या."