सिनेमा किती तासांचा

साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरीला होते, तेव्हाची ही गोष्ट. घर सांगलीजवळ माधवनगरला, आई तिथे एकटी. मी साताऱ्यात एका निवृत्त फौजी काकांच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी सांगलीची एसटी पकडायचे.

मला सुपरहिरोंच्या सिनेमांचं वेड होतं, अजूनही आहे. पण कामावर मी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. तिशी उलटलेली, लग्न न झालेली बाई उडणाऱ्या माणसांचे सिनेमे बघते म्हटल्यावर लोक काही बोलत नाहीत, नुसते बघतात. म्हणून मी बोलायची हौस फोनवर भागवायचे. आमच्या भागातल्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. सातारा, कराड, पलूस, विटा, सांगली, सगळीकडचे लोक. कॉलेजची मुलं, एक दंतवैद्य, एक बँकेतले साहेब, दोघी-तिघी माझ्यासारख्या. बहुतेकांची खरी नावं मला माहीत नव्हती. मीही तिथे टोपणनावाने होते.

त्या वर्षी एक मोठा सिनेमा यायचा होता. आधीचा भाग अर्ध्यावर सोडून दिलेला, त्याला बरीच वर्षं झालेली, त्यामुळे सगळे घायकुतीला आले होते. आणि कसं कोण जाणे, सगळी चर्चा एकाच गोष्टीवर येऊन अडकली : सिनेमा किती तासांचा असणार? परदेशातल्या कुठल्याशा थिएटरच्या वेबसाइटवर म्हणे एक आकडा दिसला आणि लगेच काढून टाकला. कोणी म्हणे साडेतीन तास, मध्यंतर दोनदा होणार. कोणी ट्रेलरमधले प्रसंग मोजून हिशेब मांडी. साडेतीन तासांवर ग्रुपमध्ये जवळजवळ एकमत झालं होतं. जितका लांब, तितका मोठा, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं.

एका दुपारी डबा खाता खाता मी लिहिलं, ‘मला नाही वाटत. दोन तास, फार तर थोडा जास्त. यांनी पुढचा भाग वेगळा काढायचं ठरवलंय, मग याच्यात राहिलं काय?’

बस, एवढंच. चेष्टा झाली, दोघांनी रडके चेहरे टाकले. पण दंतवैद्यांनी लिहिलं की ताईंचं पटतंय. संध्याकाळपर्यंत आणखी चार-पाच जणांना पटलं होतं, आणि मला जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला ग्रुपबाहेर, एकटीला मेसेज आला. ज्याच्याकडून आला त्याने फोटोच्या जागी काळा मुखवटा लावला होता. ग्रुपमध्ये तो फारसा बोलत नसे. लिहिलं होतं, ‘ताई, दोन तासांचं मागे घ्या.’

मी हसण्याची खूण पाठवून सोडून दिलं.

‘हसू नका. मागे घ्या.’

मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये कोट अडकवत होते तेव्हा फोन वाजला. ‘पिवळी ओढणी छान आहे.’

मी ओढणीकडे बघितलं. पिवळीच होती. पाठीमागे बघितलं. लॅबमध्ये नेहमीचेच लोक, नेहमीच्या जागी. भट्टीवरच्या नमुन्यांची वाट बघत एक जण उभा होता, माझ्या शेजारच्या टेबलावरचे एक सहकारी वजनाचा काटा पुसत होते. बाहेर फोर्कलिफ्टचा आवाज. इतकी साधी सकाळ होती, की मीच वेडी झालेय असं वाटलं. ग्रुपमध्ये माझा फोटो नव्हता. मी साताऱ्यात राहते हेही मी तिथे कधी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मेसेज रोज येत गेले असं नाही. रोज आले असते तर सवय झाली असती. मध्येच यायचे. ‘आज खिडकीची जागा मिळाली नाही वाटतं.’ ‘खोकला बरा आहे का?’ आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच : मागे घ्या. त्यात शिवी नव्हती, घाणेरडं काही नव्हतं, एखादं अक्षरही तुसडं नव्हतं. मी तो नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या नंबरावरून तोच मुखवटा आला.

मी रिक्षावाल्याकडे संशयाने बघायला लागले. किराणा दुकानदार सहज म्हणाला, ‘आज लवकर आलात?’ तर मी पैसे देऊन पिशवी तिथेच विसरून निघाले. आईला काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? की एक माणूस माझ्यावर चिडलाय, कारण मी एका सिनेमाची लांबी कमी सांगितली?

शेवटी मी ग्रुपवर लिहून टाकलं, ‘दोन तासांचा माझा अंदाज चुकीचा असावा. साडेतीन तास असू शकतो.’ लिहिताना स्वतःची लाज वाटली, पण सुटले असंही वाटलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘आभारी आहे. पण मनापासून लिहिलं नाहीत.’

त्याच आठवड्यात फोटो आला. काकांच्या घराचं गेट, आतलं तुळशीवृंदावन आणि दोरीवर वाळत घातलेली माझी पिवळी ओढणी.

मी तशीच खाली गेले. काका अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते, काकू लसूण सोलत होत्या. काका मूळचे माण तालुक्यातले, बापजादे मेंढरं राखणारे; हे मात्र फौजेत भरती झाले आणि पेन्शनीत साताऱ्याला घर बांधून राहिले. मी चप्पल न घालताच आलेय हे काकूंनी आधी बघितलं.

‘काय झालं गं?’

मी सगळं सांगितलं. सिनेमा, दोन तास, साडेतीन तास, मुखवटा. काकूंना निम्मं कळलं नाही, पण ओढणीचा फोटो कळला. त्यांनी उठून आधी ओढणी दोरीवरून काढली आणि घडी करून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

काकांनी चष्मा लावून फोटो पुष्कळ वेळ बघितला. मग फोन घेऊन गेटबाहेर गेले, रस्त्यावर उभे राहिले, परत आले.

‘ताई, ह्यो फोटू चालत्या माणसानं काढल्याला न्हाई,’ ते म्हणाले. ‘आपली भितडी बघा केवढी उंच हाय. रस्त्यावर उभं ऱ्हायलं तर तुळस दिसती व्हय? म्या आता बघून आलो, न्हाई दिसत. ह्यो वरनं काढलाय.’

‘वरून म्हणजे? समोर तर मोकळं रान आहे.’

‘गाडीतनं. उंच गाडीतनं.’ त्यांनी फोन माझ्या हातात दिला. ‘तुमची कंपनीची बस हितनंच पुढं नाक्याला जाती न्हवं?’

मी पायरीवर बसले. इतके दिवस मी परक्या माणसाला घाबरत होते. परका माणूस निदान बाहेर तरी असतो.

काकूंनी पोलिसांचं काढलं. काका म्हणाले, जाऊ, पण आधी माणूस कोण ते तर कळू दे. ‘त्याला एक खोटं सांगा. त्याला एकट्यालाच. आन् मग गप बसा, कान उघडं ठेवा. खोटं जिथनं माघारी येईल, तिथं तो हाय.’

मग पहिल्यांदाच मी त्या मुखवट्याला आपणहून लिहिलं. ‘मला आता त्रास देऊ नका. मी रविवारी मावशीकडे पलूसला जातेय, परत आल्यावर बोलू.’ माझी पलूसला मावशी नाही. त्या रविवारी मी खोलीबाहेर पडलेच नाही. काकूंनी जेवण वर आणून दिलं.

सोमवारी बसमध्ये मी प्रत्येक चेहरा वाचत बसले. कोणी माझ्याकडे बघितलं नाही की मला वाटे, हाच. बघितलं की वाटे, हाच. दुपार झाली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी नेहमीसारखा डबा उघडला, नेहमीसारखं शेंगदाण्याच्या चटणीचं झाकण माझ्याकडे सरकवलं. तीन वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवत होतो. चाळिशीकडे झुकलेला, मऊ बोलणारा, कपाळाला बारीक गंध लावणारा माणूस. सिनेमाबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नव्हतं.

‘काय मॅडम,’ ते हसून म्हणाले, ‘पलूसला जाऊन आलात आणि द्राक्षं नाही आणलीत?’

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी खाल्ला. का खाल्ला ते मला सांगता येणार नाही. चावला, गिळला, पाणी प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं, आणि मग ते हळूहळू गेलं. त्यांनाही कळलं होतं.

‘तुम्ही?’ मी म्हटलं.

ते घाबरतील, हातापाया पडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चटणीचं झाकण ओढून घेतलं आणि डब्याला लावलं.

‘बसमध्ये तुमच्या मागच्याच सीटवर असतो मी. तुम्ही फोनवर ग्रुपला लिहिता ते मागून दिसतं. मी काही मुद्दाम बघत नव्हतो.’

‘पण का?’

‘सगळ्यांसमोर दोन तास म्हणालात तुम्ही. मग बाकीचेही म्हणायला लागले.’ त्यांचा आवाज एकदम लहान झाला. ‘किती वर्षं वाट बघितलीय मी मॅडम. आणि दोन तासांत संपवायचा?’

जणू संपवणारी मीच होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

काका माझ्याबरोबर कारखान्याच्या ऑफिसात आले. एचआरच्या बाईंना सुरुवातीला हसू आवरेना. ‘म्हणजे सिनेमाच्या लांबीवरून?’ त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी म्हटलं, तुम्ही फक्त ऐका, आणि एकेक मेसेज वाचत गेले. ओढणी, खोकला, खिडकीची जागा. वाचता वाचता त्यांनी पेन खाली ठेवलं. गेटचा फोटो दाखवला तेव्हा त्या उठल्या आणि केबिनचं दार लावून आल्या.

त्या सहकाऱ्यांना बोलावलं. ते हात बांधून उभे राहिले. ‘एक तरी शिवी दाखवा,’ ते म्हणाले. ‘एक तरी वाकडा शब्द.’ वाकडा शब्द एकही नव्हता, हे खरंच होतं.

त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बस बदलून त्यांना दुसऱ्या शिफ्टला टाकलं. आम्ही पोलिसांकडेही गेलो. तिथल्या महिला फौजदारांनी माझं ऐकून घेतलं आणि त्या सहकाऱ्यांना बोलावून समज दिली. मेसेज थांबले. पुढे दोनेक महिन्यांत त्यांनी नोकरीच सोडली. काकांनी मात्र कंपाउंडच्या भिंतीवर आणखी दोन थर विटा चढवल्या, मला न विचारता.

सिनेमाची खरी लांबी जाहीर झाली तेव्हा ती दोन्हींच्या मधलीच कुठलीतरी निघाली. ग्रुपवर जो तो म्हणत होता, मी सांगितलंच होतं. मी तो ग्रुप सोडला. सिनेमा सांगलीला बघितला, आईला घेऊन. अगदी मागची रांग मागून घेतली, पाठीला भिंत लागेल अशी. आई मध्यंतरापर्यंत कौतुकाने बघत होती, नंतर झोपली. मला त्यातलं फारसं आठवत नाही. दार उघडून कोणी आत आलं की पट्टीभर उजेड पडायचा, आणि मी येणाऱ्याचा चेहरा दिसेपर्यंत श्वास धरून ठेवायचे.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या स्टँडवर ते सहकारी मला पुन्हा दिसले. भर दुपारची वेळ, गर्दी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने म्हाताऱ्या आईला धरलेलं. मला टाळता आलं असतं, पण त्यांनी आधी बघितलं आणि सरळ समोर आले.

‘आई, या आमच्या लॅबच्या मॅडम.’

म्हातारीने माझा हात दोन्ही हातांत घेतला. हात खरखरीत आणि गरम होते. ‘व्हय? लय सांगायचा तुमचं. कवातरी घरला या की. लय गुणाचं हाय माझं लेकरू, कुणाला उलटून बोलायचं न्हाई.’

ते खाली बघत, मान तिरकी करून हसत होते.

मी म्हटलं, येईन. हात सोडवून घेतला आणि समोर जी एसटी लागली होती तिच्यात चढले. खिडकीबाहेर बघितलं नाही. गाडी सुटली, गाव मागे पडलं, आणि कंडक्टरने कुठलं तिकीट देऊ असं विचारलं तेव्हा मी त्यालाच विचारलं, ही गाडी कुठे जाते.