जेवलेला लांडगा

रॉकेलच्या डब्यात ब्रश बुचकळत राहिलं की तळाला गाळ साचतो. किस्से तसेच साचतात. मी चौथीपर्यंत शिकलो. नव्वदनंतरची ती वर्षं, फ्लेक्स अजून आलेले नव्हते. बारामतीत माझं दुकान होतं. जंगली जनावरं काढायचो, हुबेहूब. कुणाच्या सांगण्यावरून चित्रातली रेघ बदलली नाही. एकदाच बदलली, तेही सांगतो.

इंदापूरकडच्या एका तालमीत वाघ काढला. वस्ताद म्हणाले, "पेंटर, मांड्या जरा भरा की."

मी म्हणालो, "वाघ बैठका मारत न्हाय."

वाघ होता तसाच राहिला.

वालचंदनगरच्या एका साहेबांनी क्वार्टरसाठी बिबट्या नेला. आठ दिवसांनी निरोप आला. जेवताना बिबट्या ताटात बघतो असं बाईसाहेबांना वाटतं, डोळे थोडे वळवून द्या. मी नाही म्हणालो.

त्यांनी डायनिंग टेबल वळवलं.

वडगाव निंबाळकरच्या एका दूधवाल्याला टेम्पोवर सिंह हवा होता, शेजारी त्याची जर्सी गाय. दोन्ही काढले. तो म्हणाला, "गायीपुढं सिंव्ह बारीक दिसतोय."

माझा भागीदार बबनराव अक्षरं लिहायचा. मान वर न करता म्हणाला, "गाय पेंड खाती. सिंव्हाला कोण घालतंय?"

दूधवाल्याला पटलं.

मग लोणी भापकरच्या माळावर मोठी पाटी रंगवायचं काम आलं. मेंढरं चरतायत आणि लांडगा त्यांच्यावर टपलाय, असं चित्र. त्यासाठी पुण्याला जाऊन लांडग्याच्या पिंजऱ्यापुढं दोन दिवस उभा राहिलो. केस न केस उतरवला.

पाटी उभी केली, तेव्हा बिरू आबा मेंढरं घेऊन आले. त्यांचा सगळा जन्म त्या माळावर गेलेला. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले.

"ब्येस हाय. पर ह्यो जेवलाय."

"कशावरनं?"

"प्वाट बघा की. जेवलेला लांडगा मेंढराकडं बघत न्हाय, सावलीला जातो. तुमी कुठं बघितला?"

"पुण्यात. पिंजऱ्यात."

"मंग बराबर हाय."

बबनराव शिडी धरून उभा होता. म्हणाला, "पेंटर, दोन दिस उपाशी ठिवा त्याला."

मी डबे सायकलला अडकवले आणि घरी आलो. दोन दिवस ब्रशला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी एकटाच माळावर गेलो. पोट आत घेतलं. बरगड्या दाखवल्या. कमरेपाशी खळगा पाडला.

दुपारी आबा आले. पाटीसमोर थांबले.

मागं वळले आणि मेंढरं मोजायला लागले.