डॉक्टरांनी ‘विषबाधा’ लिहिली नाही

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता पुसट झाली आहेत. कोण फिर्यादी, कोण आरोपी, यांचीही गल्लत होते. राजुरीच्या म्हाताऱ्याचं प्रकरण मात्र मी आजही पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत न अडखळता सांगू शकतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन वाजला. ठाणे अंमलदाराने रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

“साहेब, राजुरीत सुनंनं सासऱ्याला इख घातलंय. म्हातारा दवाखान्यात पडलाय. तिच्या भावाचं मंचरला मेडिकल हाय, एवढं ध्यानात ठेवा.”

निनावी फोन करणाऱ्याचा सहसा काही हेतू असतो. पण हेतू असला म्हणून माहिती खोटी ठरत नाही. हवालदाराला घेऊन मी जीपने निघालो.

दवाखान्याच्या दारात राजुरीची माणसं जमली होती. म्हातारा, घरातले सगळे त्याला आबा म्हणत, सकाळी गोठ्यात बेशुद्ध सापडला होता. रक्तातली साखर फार खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्याने डोळे उघडले, पण बोलणं असंबद्ध होतं. आबाला मधुमेह होता, आणि त्याच्या गोळ्या त्याने मागेच सोडल्या होत्या. अशा माणसाची साखर वाढायला हवी. याची उतरली होती. लोकांचा हिशेब सरळ होता. भावाच्या दुकानातून शुगरच्या गोळ्या आणायच्या आणि आमटीत कालवायच्या, यात अवघड काय?

सून निरगुडसरची. तिशीच्या आतली, अंगाने किरकोळ. पायरीवर एकटीच बसली होती. तिचा नवरा चार हात लांब भिंतीला टेकून उभा होता. बायकोवर एवढा आळ आलेला असताना नवरा तिच्या बाजूलाही उभा राहत नाही आणि विरुद्धही बोलत नाही, हे मी टिपून ठेवलं.

डॉक्टर पन्नाशीचे. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात बरीच वर्षं काढून गावाकडे परतलेले. तिथे प्रत्येक केसपेपरवर निदानाचा ठरलेला सांकेतिक क्रमांक घालायची शिस्त होती, ती त्यांनी इथेही चालू ठेवली होती. टेबलावर त्या क्रमांकांचं जाडजूड पुस्तकच असे. आबाच्या पेपरवर त्यांनी इंग्रजी ‘ई’ आणि पुढे आकडा लिहिला होता.

“याचा अर्थ?” मी विचारलं.

“रक्तातली साखर कमी. कारण निश्चित नाही.”

“विषबाधेलाही क्रमांक असेल ना?”

“आहे. तो ‘टी’ने सुरू होतो. तो लिहिला की उद्या तुम्ही या मुलीला कोर्टात उभी कराल. माझ्याजवळ फक्त रक्ताचा रिपोर्ट आहे, साहेब. साखर उतरली एवढं त्यात दिसतं. कुणी उतरवली ते दिसत नाही.”

बाहेर लोक अटकेसाठी गलका करत होते. डॉक्टरांच्या अभिप्रायाशिवाय गुन्हा दाखल करण्यात मला रस नव्हता. मी सुनेचा जबाब घ्यायला बसलो.

“आबा कुठल्या गोळ्या घेत होते?”

“कंच्याच न्हाई. सोडल्यात त्यांनी.”

“घरात शुगरच्या गोळ्या आहेत?”

“न्हाईत.”

“भावाकडून कधी आणल्या?”

“न्हाई, साहेब.”

नजर खाली नव्हती आणि आवाजही हलत नव्हता. घराची झडती घेतली, पंचनामा केला. गोळीचं एक पाकीटसुद्धा सापडलं नाही. दुपारी तिने आबाला पेज भरवली आणि संध्याकाळी आबा पुन्हा बेशुद्ध झाला. मग तर गाव पेटलंच. मी तिला दवाखान्यातून हलवून निरगुडसरला आईकडे पाठवलं आणि आबाच्या खाटेजवळ शिपाई बसवला. दुसऱ्या दिवशी आबाच्या तोंडात डॉक्टरांच्या हातून गेलं तेवढंच गेलं. तरीही साखर उतरली!

“पेजेत काही नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “शरीरात आधीच गेलेलं काहीतरी अजून काम करतंय. म्हाताऱ्याची मूत्रपिंडं थकलेली आहेत, ते लवकर बाहेर पडत नाही.”

सुनेवरचा संशय सैल झाला, पण संपला नाही. ते ‘काहीतरी’ आधी दिलं कुणी, हा प्रश्न उरलाच.

उत्तर आलं ते एका व्यापाऱ्याकडून. डॉक्टरांनी मला फोन करून बोलावून घेतलं. “त्याच क्रमांकाचा दुसरा पेशंट आलाय. साखर कमी, कारण निश्चित नाही. भेटा त्याला.” कापडाचा दुकानदार होता, घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोलणं अस्सल इथलं. दुकानातच चक्कर येऊन पडला होता. ग्लुकोज घेऊन आता खाटेवर मजेत बसला होता.

“शेठ, तुम्हाला कुणी काही खायला घातलं का?”

“कोण घालतंय, साहेब? माझी मंडळी मला साखरेचा दाणा दाखवत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या मी. झाडपाल्याची पुडी घेतो. शुगर कशी झटक्यात खाली आली बघा!”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथूनच निरगुडसर गाठलं. सून अंगणात शेंगा फोडत होती.

“आबा कसली पुडी घेत होते का?”

“घेत व्हते की. बाजारातल्या वैद्याची. लई गुण आला म्हनून पडायच्या आधी दोन दिस दोन-दोन घ्यायला लागले व्हते.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी गोळ्यांचं इचारलं, साहेब. पाल्याची पुडी औषधात कुठं धरत्यात?”

तिचं बरोबर होतं. विचारलं तेवढ्याचं तिने खरं उत्तर दिलं होतं.

आबाचा आणि शेठचा पुडीवाला एकच निघाला; तो आठवडे बाजारांत फिरायचा. आम्ही औषध निरीक्षकांना घेऊन त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. जांभळाच्या बियांची पोती होती, वाळलेलं कारलं होतं. मागच्या बाजूला एक मिक्सर होता, त्याच्या भांड्याला पांढरी भुकटी चिकटलेली. नमुने सील केले, पुडीवाल्याला ठाण्यात आणलं. तो जराही डगमगला नव्हता.

“माझ्याकडं निस्ता पाला, साहेब. पाच जिल्ह्यांत नाव हाय माझं.”

मी पाण्याचा ग्लास भरून त्याच्यासमोर ठेवला. शेजारी त्याचीच एक पुडी ठेवली.

“हे काय?”

“पालाच आहे ना? कारलं खाऊन कुणी मरत नाही.”

“मला शुगर न्हाई.”

“मग भीती कशाची?”

त्याने पुडी बोटाने माझ्याकडे सरकवली. मी पुडी उचलून बाजूला ठेवली; त्याने ती खावी असं मला वाटतच नव्हतं. तो बोलायला लागला. शुगरच्या गोळ्या कुठून आणायचा, दळून पाल्यात कशा मिसळायचा, सगळं. “पाल्यानं गुण येत न्हाई, साहेब,” तो शेवटी म्हणाला. “गुण आला न्हाई, तर गिऱ्हाईक परत येत न्हाई.”

सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालाने त्याचा जबाब खरा ठरवला. मगच डॉक्टरांनी दोन्ही पेपरवर ‘टी’चा क्रमांक घातला. पुडीवाल्याला शिक्षा झाली.

आबा वाचला. बरा झाल्यावर तो एसटीने निरगुडसरला गेला आणि “चल घरी” म्हणाला. सून म्हणाली, “तुमच्यावर माझा राग न्हाई, आबा. ज्यानं तोंड उघडलं न्हाई त्याला येऊ द्या. चार मान्सांत बोलू द्या.” नवरा आला. दवाखान्याच्या दारात तिच्यावर आळ घेणारी माणसं त्याने सोबत आणली आणि त्यांच्यासमोर बोलला. काय बोलला ते मला ठाऊक नाही. हवालदाराने एवढंच सांगितलं की त्याचं बोलून होईस्तोवर ती उंबऱ्यात उभी होती, आणि मग पिशवी घेऊन निघाली.

पुढे नव्या फौजदारांना मी हे प्रकरण मुद्दाम सांगत असे. ‘कारण निश्चित नाही’ एवढं लिहायला धैर्य लागतं, कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या लोकांना उत्तर त्याच दिवशी हवं असतं. त्या डॉक्टरांनी घाईने एक अक्षर बदललं असतं, तर मी ती बाई आत टाकली असती, गावाने मला हार घातला असता, आणि पुडीवाला पुढच्या बाजारी दुकान मांडून बसला असता.